नगरात हॉट डॉग शोधायला निघालो त्याची गोष्ट

पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. ज्यांना फक्त 'नगरचा बेस्ट वडापाव कुठं' एवढंच हवंय त्यांना आधीच सांगून ठेवतो, यात एकाही गाड्याचं नाव, पत्ता किंवा फोटो नाही. का नाही ते वाचत गेलात की कळेल. कमेंटमध्ये "पत्ता टाका ना सर" लिहू नका.

तर झालं असं. माझा चुलतभाऊ वीस वर्षांपासून अमेरिकेत, न्यू जर्सीला असतो. दिवाळीनंतर तो पंधरा दिवसांसाठी नगरला आला, सोबत त्याचा चौदा वर्षांचा पोरगा. पोराला मराठी चांगलं समजतं, बोलतोही, फक्त सगळ्यांना 'तू' म्हणतो. आजीला तू, मला तू, रिक्षावाल्यालाही तू. नगरी माणसाला त्यात फारसं वावगं वाटत नाही म्हणून बरं.

तीन दिवस पोरानं पुरणपोळी, मटण, थालीपीठ, रामप्रसादचा चिवडा, बंसी महाराजांची मिठाई असं सगळं गुपचूप खाल्लं. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्याजवळ येऊन हळूच विचारतो, "काका, तुला माहितीये का, नगरमध्ये बेस्ट हॉट डॉग कुठं मिळतो?"

मी म्हणलं, चल, शोधू. स्कूटरवर मागं बसवलं आणि निघालो.

सावेडीतली तीन कॅफे झाली. एका ठिकाणी मेन्यूत नाव होतं पण 'संपलं' होतं. शेवटी एका बेकरीत काचेमागं लांबट पाव दिसला, त्यावर चिठ्ठी 'व्हेज हॉट डॉग'. पाव मधून चिरलेला, आत बटाट्याची लांबुळकी टिक्की, वर सॉस आणि त्यावर बारीक शेव. पोरानं तो फिरवून फिरवून बघितला. हॉट डॉगमध्ये मांसाची सॉसेज असते, हे त्यानं मला फार नम्रपणे समजावून सांगितलं. मग खाल्ला. म्हणाला, "हा हॉट डॉग नाही. पण बरा आहे."

मी त्याला सांगितलं की इंदूरला छप्पन दुकानमध्ये 'जॉनी हॉट डॉग' म्हणून प्रसिद्ध दुकान आहे, तिथंही गोल पावात बटाट्याची टिक्कीच मिळते आणि लोक रांगा लावून खातात. त्याला ते पटलं नाही. मग त्यानं जरा विचार करून प्रश्न बदलला. "म्हणजे, तुमच्याकडं तसं काय आहे? रस्त्यावर, गाडीवर, उभं राहून खायचं. स्वस्त. सगळे खातात असं."

आता हा प्रश्न मला विचारायचा म्हणजे! मी म्हणलं, बाळा, तू चुकीच्या वस्तूच्या मागं होतास. बस मागं. तुला नगरमधला एक नंबर वडापाव खाऊ घालतो. मावशीचा.

मावशी म्हणजे माझी कोणी नात्यातली नाही. सावेडीतल्या एका चौकात निळ्या छत्रीखाली तिचा गाडा. मी अठरा-एकोणीस वर्षं तिथं खात होतो. मूळची पाथर्डी तालुक्यातली, नवरा ऊसतोडीला जायचा, तीही जायची, मग पोरांच्या शाळेसाठी नगरला राहिली ती राहिलीच. तिच्या वड्यात बटाट्याचा लगदा नसायचा. हातानं फोडलेला बटाटा, त्यात मधूनच एखादा मोठा तुकडा दाताखाली यायचा. लसूण, मिरची आणि कोथिंबिरीचे देठ खलबत्त्यात ठेचलेले, मिक्सरमध्ये नाही. बेसनात कढईतलंच दोन पळ्या गरम तेल मोहन म्हणून. त्यामुळं वरचं आवरण पातळ आणि कुरकुरीत, वडा फोडला की वाफ. सोबत शेंगदाणा-लसणाची कोरडी लाल चटणी, चिरून तळलेली, मीठ लावलेली मिरची, आणि पोरं "मावशी, चुरा टाका ना" म्हणाली की बेसनाचा चुरा मूठभर, फुकट.

जुलैअखेर माझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. घरच्यांनी ते फारच मनावर घेतलं. त्यामुळं तीन महिने मी त्या चौकाकडं मुद्दाम फिरकलो नव्हतो. पाहुण्या पोराचं निमित्त म्हणजे मला सुटीच मिळाली होती.

चौकात गेलो तर गाडा नाही. शेजारचा भेळवाला नाही, पलीकडचा पाणीपुरीवालाही नाही. ओळीनं सात-आठ गाडे असायचे, एकही नाही. जिथं मावशीची कढई असायची तिथं रस्त्यावर तेलाचा काळा गोल डाग तेवढा होता. त्यावर एक चारचाकी लावलेली.

शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारलं. म्हणाला, "गणपतीच्या आधी गाडी आली होती, सगळे उचलले." कुठं गेली मावशी? "काय माहीत."

पोरगं म्हणालं, मग दुसरीकडं जाऊ. आणि तिथून आमची मोहीम सुरू झाली. पुढचे दहा दिवस, रोज एक गाडा, कधी दोन. नियम त्यानंच बनवले. वडा आपल्यासमोर तळलेला पाहिजे. पाव बोटानं दाबल्यावर परत वर आला पाहिजे. चटणीशिवाय पहिला घास, चटणीसकट दुसरा. दहापैकी मार्क त्याच्या फोनमध्ये.

माळीवाड्याच्या स्टँडजवळचा वडा घाईतल्या माणसासाठी असतो. आधीच तळून परातीत डोंगर केलेला, गिऱ्हाईक आलं की परत तेलात एक बुडी. तक्रार नाही, ज्याची पुण्याची गाडी फलाटावर लागलीये त्याला याहून काय पाहिजे? पाव मात्र एकदम ताजा होता, कारण एवढा खप दुसरीकडं नाही. पोरगं म्हणालं, हे न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनसारखं आहे. पाच मार्क.

मार्केट यार्डला आम्ही पहाटे गेलो. हमाल मंडळींचा नाष्टा तिथं साडेपाचला सुरू होतो. वडा मुठीएवढा, मसाला बेताचा, आणि वर झणझणीत रस्सा. एका वड्याला दोन पाव. तिथं चवीपेक्षा पोट भरण्याला महत्त्व, आणि पोटात तो दुपारपर्यंत टिकतो हे मी स्वतः अनुभवलंय. एका हमाल काकांनी पोराला विचारलं, कुठला रे तू? पोरगं म्हणालं, "जर्सी." काका म्हणाले, "गाय हाय ती." अख्खा गाडा हसला.

नागापूर एमआयडीसीत पहिली पाळी भरायच्या आधी जो गाडा लागतो त्याची तळलेली मिरची नगरमध्ये एक नंबर. वडा सहा मार्कांचा, मिरची नऊ. सावेडीतल्या एका कॅफेत साठ रुपयांचा 'चीज मेयो वडापाव' खाल्ला, त्याबद्दल काही लिहीत नाही.

भिंगारमध्ये एक वयस्कर बाबा आहेत. दिवसाला ठरावीकच वडे करतात, संपले की घरी. तेल रोज थोडंच घेतात आणि उरलं तर दुसऱ्या दिवशी वापरत नाहीत. तुम्हाला माहीत असेल, अन्नसुरक्षेचा नियम आहे, तळणीच्या तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड' २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. १ जुलै २०१८ पासून लागू आहे. बाबांना हा नियम ठाऊक नव्हता. म्हणाले, "वास बदलला की तेल मेलं, एवढं कळतं." वडापाव रद्दीच्या कागदात द्यायलाही बंदी आहे, शाईतली रसायनं पोटात जातात म्हणून. बाबा स्टीलच्या ताटलीत देतात, ती स्वतः धुतात. साडेआठ मार्क. पोराच्या यादीत सगळ्यात वर.

मधल्या काळात पोरानं मला हॉट डॉगचा इतिहास सांगितला आणि मी त्याला वडापावचा. दोन्ही एकाच मुशीतले निघाले. कोनी आयलंडला १९१६ मध्ये नेथन हँडवर्कर नावाच्या पोलंडहून आलेल्या माणसानं पाच सेंटला हॉट डॉग विकायला सुरुवात केली, तो जिथं आधी नोकरीला होता तिथं त्याचे दहा सेंट घ्यायचे. समुद्रावर येणाऱ्या कामगारांना पाच सेंट परवडायचे. आपल्याकडं दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकला असं मानतात. गिऱ्हाईक कोण, तर गिरणी कामगार. गिरणीत पोचायचंय, ताटवाटी घेऊन बसायला वेळ नाही, हातात धरून चालत चालत खायचं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, वडापाव राहिला, आणि काम गेलेल्यांपैकी कित्येकांनी पुढं वडापावचेच गाडे टाकले.

आणि न्यूयॉर्कची एक गोष्ट नगरकरांनी ऐकण्यासारखी आहे. तिथं १९८३ पासून रस्त्यावर खाद्यपदार्थ विकायच्या परवान्यांवर साधारण तीन हजारांची मर्यादा घातलेली होती. शहर वाढलं, विकणारे वाढले, परवाने तेवढेच. मग काय व्हायचं ते झालं. सरकारी फी दोन वर्षांना दोनशे डॉलर, आणि तोच परवाना काळ्या बाजारात भाड्यानं वीस-पंचवीस हजार डॉलरला. हॉट डॉग विकणारा उन्हात उभा, आणि परवान्याचा मालक घरी बसून पैसे मोजतोय. शेवटी २०२१ मध्ये तिथल्या नगर परिषदेनं टप्प्याटप्प्यानं नवे परवाने द्यायचा कायदा केला. म्हणजे हे दुखणं फक्त आपलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हे लिहायला मला आठ दिवस लागलेत.

मोहिमेच्या शेवटी शेवटी आम्ही दिल्लीगेटजवळच्या एका गाड्यावर गेलो. वडा चांगला होता. मी सवयीप्रमाणं चौकशी सुरू केली, सावेडीतल्या त्या मावशीचा गाडा होता, ती कुठं गेली काही कळलं का? गाडेवाल्यानं झारा कढईच्या काठावर ठेवला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"तुम्हीच ना ते फेसबुकवाले?"

मी खूश झालो. म्हणलं, हो. वाचता का तुम्ही?

त्यानं हात पुसले, फोन काढला आणि मला माझीच पोस्ट दाखवली. स्क्रीनशॉट होता. त्यांच्या गाडेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला. १२ जुलैची पोस्ट. ट्रॅफिकमध्ये अडकलेली ॲम्ब्युलन्स आणि खाली माझं वाक्य: "रस्ता आपला की गाड्यावाल्यांचा? कुणाचा जीव गेल्यावर जागे होणार का?"

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती आठवत असेल. आठशेच्या वर लाइक होते. "सर, परखड लिहिलंत" म्हणून कमेंट होत्या. मी त्या एकेक वाचल्या होत्या, दोनदोनदा. नंतर महिन्याभरात चौक मोकळा झाला तेव्हा कुणीतरी मला टॅग करून 'इम्पॅक्ट' असं लिहिलं होतं, आणि मी त्याला हात जोडल्याची खूण टाकली होती. कुठला चौक मोकळा झाला, तिथं कोण होतं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. मी माझ्या कोलेस्टेरॉलच्या दुःखात होतो.

गाडेवाला वाईट काही बोलला नाही. पोराच्या पावात चुरा जास्तीचा टाकला. पैसे घेतले. फक्त म्हणाला, "लिहिताना इचारत जा दादा कुणाला तरी."

पोरगं घरी येईपर्यंत काही बोललं नाही. जिन्यात विचारलं, "काका, तू तिला काढलंस?" मी म्हणलं, तसं नाही रे, मी फक्त लिहिलं. त्यावर तो 'ओके' म्हणाला. त्या पोराचा 'ओके' मला अजून ऐकू येतो.

रात्री तो फोटो मोठा करून पाहिला. ॲम्ब्युलन्स खरीच होती, ट्रॅफिकही खराच होता, त्याबाबतीत मी आजही शब्द मागं घेत नाही. पण अडथळा कशाचा होता? दुकानांसमोर दुहेरी लावलेल्या तीन चारचाकी. एक गाडा, भेळेचा, खरंच रस्त्यावर आलेला होता. मावशीचा गाडा कडेला, गटाराच्या झाकणावर, निळ्या छत्रीचं टोक फोटोच्या कोपऱ्यात. तीन गाड्यांबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. चारचाकीवाले कमेंट करतात हो. त्यातला एक तर माझा मित्रच निघाला.

मग मी ते काम केलं जे जुलैमध्ये करायला हवं होतं. कायदा वाचला. पथविक्रेत्यांसाठी देशात वेगळा कायदा आहे, २०१४ चा, १ मे २०१४ पासून लागू. त्याच्या आधी १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंच होतं की रस्त्याकडेला धंदा करणं हा घटनेनं दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्यात येतं, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, आणि अमुकच जागा माझी असा हक्क कुणाला सांगता येत नाही. २०१४ च्या कायद्यानं पुढची व्यवस्था लावून दिली. दर पाच वर्षांनी सगळ्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं. जे सापडतील त्यांना विक्री प्रमाणपत्र द्यायचं. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे. २०११ च्या जनगणनेत नगर शहर साडेतीन लाखांचं होतं, त्या हिशेबानं हा आकडा पावणेनऊ हजारांच्या आसपास जातो. कुठं बसायचं, कुठं नाही, हे ठरवायला नगर पथविक्रेता समिती, आणि तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यातल्या एक तृतीयांश बायका. म्हणजे ज्या माणसानं दिल्लीगेटला मला स्क्रीनशॉट दाखवला तो त्या समितीत मत देणारा माणूस आहे, आणि मी नाही.

पुढची कलमं तर वाचवत नव्हती. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही. हलवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर सही केलेली यादी हातात द्यायची. विक्रेत्यानं मागणी केली आणि दंड भरला की नाशवंत माल त्याच दिवशी सोडायचा, बाकीचा कामकाजाच्या दोन दिवसांत. म्हणजे बटाटा, पाव, कोथिंबीर त्याच दिवशी. किती बारीक विचार केलाय बघा कायदा करणाऱ्यांनी.

भाऊ-पुतण्या परत गेले. मी मावशीला शोधत राहिलो. सापडली ती पावामुळं. पाववाले पहाटे बेकरीतून लाद्या उचलतात आणि गाडे करत करत फिरतात, शहरातला प्रत्येक गाडा त्यांच्या तोंडपाठ असतो. एक जण म्हणाला, "मावशी व्हय? रोज पंचवीस लाद्या घ्यायची. आता चार घेती." आणि घर सांगितलं.

शहराच्या कडेला एक वस्ती आहे, तिथं दारातच स्टूल मांडून मावशी वडे तळत होती. मोठी कढई, गाडा, छत्री सगळं गेलेलं. घरातली लहान कढई, घरचा गॅस. मला बघून म्हणाली, "या की. लई दिसानी." डॉक्टरांचं सांगितलं तर म्हणाली, "मंग आज एकच खा."

मी आधी तिला पोस्टचं सांगितलं. फोनवर दाखवली, वाचूनही दाखवली. तिनं शांतपणे ऐकलं. वडे उलटले. मग म्हणाली, "तुम्ही लिव्हलं म्हणून गाडी आली व्हय? एवढं ऐकतेत तुमचं?"

मी गप्प.

"मंग आता लिव्हा की. मावशीला जागा द्या म्हणून. बघू येती का गाडी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणजे मला तरी दिसला नाही. मग आम्ही हिशेब मांडला. पावाला तीन रुपये. तेलाचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं, २०२५ च्या मेअखेर ते १० वर आणलं. वर जाताना जेवढं गेलं तेवढं खाली आलं नाही. मावशीला टक्के ठाऊक नाहीत, पिंपाचा भाव ठाऊक आहे. गाड्यावर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर वापरायची, कारण घरचा १४.२ किलोचा धंद्याला वापरणं बेकायदा. आता दारात घरचाच वापरते. म्हणजे गाडा होता तेव्हा ती नियमात होती, गाडा गेल्यावर नियमाबाहेर गेली. आणि पीएम स्वनिधीचं कर्ज! पहिलं दहा हजारांचं तिनं वेळेवर फेडलं होतं, दुसरं वीस हजारांचं चालू आहे. 'पथविक्रेता' म्हणून मिळालेलं. हप्ता दर महिन्याला जातोय, पथ मात्र राहिलेला नाही.

जप्तीची यादी? तसा कागद तिच्याकडं नाही.

आता वड्याचं. खोटं लिहिणार नाही. त्या दिवशी दारात खाल्लेला मावशीचा वडा भिंगारच्या बाबांच्या वड्याच्या जवळपासही नव्हता. लहान कढईत चार वडे सोडले की तेल थंड पडतं, वडा तेल पितो आणि आवरण मऊ राहतं. ठेचा तोच, हात तोच, बटाटाही तसाच फोडलेला. मी पोराला फोटो पाठवून हे लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "मग तिचे मार्क आत्ता देऊ नको." त्याच्या यादीत मावशीच्या नावापुढं अजून रेघ आहे.

गाड्यांची नावं का दिली नाहीत हे आता कळलं असेल. मी ज्यांच्याकडं खाल्लं त्यातल्या किती जणांकडं प्रमाणपत्र आहे हे मी विचारलं, आणि उत्तरं ऐकून फोन खिशात ठेवला. माझ्या एका फोटोनं काय होतं ते मी पाहिलंय. गाडे रस्त्यात आडवे लागावेत असं माझं आजही म्हणणं नाही. पण कुठं लागावेत हे माझ्या आठशे लाइकनी ठरवायचं नसतं, ते ठरवायला कायद्यानं एक टेबल ठेवलंय आणि त्या टेबलावर मावशीची खुर्ची आहे. कमेंटमध्ये मला 'पलटी मारली' म्हणणार असाल तर खुशाल म्हणा, मारलीच आहे.

येत्या मंगळवारी मावशीला घेऊन मी अर्ज द्यायला जातोय. आधार, रेशनकार्ड, स्वनिधीचे कागद, शंभर रुपये भरून केलेली अन्न नोंदणी, एवढं जमलंय. वकील मित्र म्हणाला, गाडा त्याच जागी होता याचा पुरावा जोडा, जितका जुना तितका बरा. म्हणून एक विनंती. त्या चौकात काढलेले तुमचे जुने फोटो असतील, वाढदिवसाचे, गणपती मिरवणुकीचे, कॉलेजच्या ग्रुपचे, आणि मागं कुठं निळी छत्री दिसत असेल, तर मला इनबॉक्स करा. फोटोवर तारीख असेल तर फारच उत्तम. कुठला चौक ते माझ्या १२ जुलैच्या पोस्टमध्ये आहे. ती मी डिलीट केलेली नाही, करणारही नाही. तारखेसकट गाडा दिसतो असा आत्तापर्यंत मिळालेला तो एकच फोटो आहे. त्याची प्रिंट काढून अर्जाला जोडपत्र क्रमांक ४ म्हणून लावलीये. मावशीनं बघितली, आणि विचारलं, "ह्यात माझी कढई का न्हाई आली?"